उंबरठा हवाच!

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरांची दारे सताड उघडी असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागते, फराळाची ताटे आतबाहेर होतात, कोण आले नि कोण गेले ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आणि तरीदेखील ह्या आतिथ्याच्या भरात उंबरठा उखडून टाकावा असे आजवर कोणा गृहिणीला सुचलेले नाही. उलट ह्याच दिवसांत ती तो धुऊन काढते, त्यावर हळदकुंकू वाहते, पुढे रांगोळी रेखते. उघडे दार आणि शाबूत उंबरठा ह्यांचे काही भांडण आहे असे आपल्या आज्यापणज्यांना कधी वाटले नाही. येणाऱ्याने क्षणभर थबकावे, घरच्याने ‘कोण?’ म्हणून विचारावे आणि मग ‘या, बसा’ म्हणावे, एवढाच त्या लाकडी पट्टीचा आग्रह.

हा घरगुती शहाणपणा परदेशप्रवासाच्या बाबतीत मात्र आपण पार गुंडाळून ठेवला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवाच पंथ निघाला असून ‘व्हिसा लागत नाही!’ हा त्या पंथाचा तारक मंत्र आहे. अमुक देशाने व्हिसा माफ केला अशी बातमी आली की ह्या मंडळींच्या घरी जणू गुढ्या उभारल्या जातात. बिनव्हिशाच्या देशांच्या याद्या हातोहात फिरतात. कोणत्या देशाचा पासपोर्ट जगात कितवा, ह्याची चर्चा मॅट्रिकच्या निकालासारखी रंगते. तो देश कसा आहे, तिथे आज काय चालले आहे, तिथे गेल्यावर अडचण आली तर कोणाचे दार ठोठवायचे, हे प्रश्न विचारणारा मनुष्य ह्या बैठकीत अरसिक ठरतो.

मी तो अरसिक मनुष्य आहे. माझे म्हणणे मी आडपडदा न ठेवता सांगतो. शांत, सुरक्षित देशाने व्हिसा माफ केला तर खुशाल पेढे वाटा. परंतु ज्या देशात युद्धाची छाया आहे, जिथे परक्या माणसाला पळवून नेणाऱ्या टोळ्या आहेत, त्या देशाने व्हिसा माफ केला तर ती सुवार्ता नव्हे. ती धोक्याची घंटा आहे. तिथे व्हिसा ही कटकट नसून अडाणी, गरजू, घाईत असलेल्या माणसाचे ते संरक्षण आहे.

हे मी हवेत बोलत नाही. इराणचेच उदाहरण घ्या. ‘परवाना’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. दरवाजा, सरहद्द, बंदोबस्त हेही तिकडचेच. ज्या भाषेने आपल्याला दाराचे, हद्दीचे आणि परवान्याचे शब्द दिले, तिच्याच देशात परवान्यावाचून शिरताना आपल्या माणसांची काय गत झाली ते पाहा.

४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने साध्या पासपोर्टवर येणाऱ्या भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. ह्या सवलतीला अटी होत्या, आणि त्या लपवून ठेवलेल्या नव्हत्या. सहा महिन्यांतून एकदाच जाता येईल. पंधरा दिवसांच्या वर राहता येणार नाही आणि मुदत वाढवून मिळणार नाही. हेतू केवळ पर्यटनाचा असला पाहिजे. आणि प्रवेश विमानानेच करावा लागेल. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी जायचे तर व्हिसा काढणे भागच होते. चार ओळींचा मजकूर. पण आपल्या एजंटांनी त्यातले दोनच शब्द उचलले, ‘व्हिसा माफ’, आणि बाकीचे सोयीस्करपणे खाऊन टाकले.

पुढे काय घडले? १ मे २०२५ रोजी पंजाबातले तीन तरुण तेहरानला उतरले. त्यांना जायचे होते ऑस्ट्रेलियाला. तेहरान हा वाटेतला मुक्काम, असे एजंटाने त्यांना सांगितले होते. उतरताच ते नाहीसे झाले आणि घरी खंडणीसाठी फोन येऊ लागले. जूनच्या आरंभी तेहरानच्या पोलिसांनी त्यांना सोडविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुजरातेतल्या चौघांवर हाच प्रसंग ओढवला. निघताना ऑस्ट्रेलिया, उतरल्यावर तेहरान, आणि मग खंडणी. अखेर १७ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या परराष्ट्र खात्याने स्पष्ट शब्दांत जाहीर केले की, नोकरीची किंवा पुढच्या देशात पोहोचविण्याची खोटी आश्वासने देऊन भारतीयांना इराणात नेले जात होते, व्हिसामाफीचा त्यासाठी उपयोग केला जात होता, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांपैकी अनेकांचे खंडणीसाठी अपहरण झाले होते. २२ नोव्हेंबरपासून इराणने ती सवलत स्थगित केली. नुसते विमान बदलण्यापुरते उतरायचे असले तरी व्हिसा हवा, असे ठरले.

लक्षात घ्या, ज्या देशाने दार उघडले होते त्याच देशाला ते लोटून घ्यावे लागले. पर्यटक यावेत, चार पैसे यावेत, म्हणून त्याने उंबरठा काढला. आणि त्या वाटेने पर्यटकांबरोबर सावजे येऊ लागली. ह्यात इराणी जनतेचा दोष नाही. सावज हेरणारे एजंट आपल्याच गावात बसलेले होते, आणि सोडविणारे पोलीस तेहरानचे होते, हे विसरता कामा नये.

हे एजंट बोलतात कसे, हे मी स्वतःच्या ओसरीवर ऐकले आहे. माझ्याकडे गल्लीतली मुले अर्ज लिहून घ्यायला येतात. २०२५ च्या पावसाळ्यात असाच एक मुलगा वडिलांना घेऊन आला. विमानाच्या तिकिटावरची स्पेलिंगे तपासून द्या, एवढेच त्याचे काम.

“काका, व्हिसाच लागत नाही!” तो म्हणाला. “तेहरानला उतरायचं. तिथं माणूस न्यायला येतो. पंधरा दिवसांत ऑस्ट्रेलियाचे कागद हातात.”

“येणाऱ्या माणसाचं नाव?”

“ते तिथं गेल्यावर कळतं.”

“राहायचं कुठं?”

“ते तेच बघतात.”

“आणि पैसे?”

“सगळे मिळून अठरा लाख. पण आत्ता फक्त चाळीस हजार दिलेत, काका. बाकीचे मी पोचल्याचा फोन आल्यावर आबा देणार. म्हणजे फसायचा प्रश्नच नाही ना?”

आबा मान डोलावीत होते. हा गृहस्थ बैल घेताना त्याचे दात मोजतो, त्याला चालवून बघतो, मागल्या मालकाकडे चौकशी करतो. पण पोटचा पोर अनोळखी मुलखात पाठविताना त्याने नेणाऱ्याचे नावसुद्धा विचारले नव्हते.

मी कपाटातून नकाशा काढला आणि मुलाला म्हटले, “आपण इथं. ऑस्ट्रेलिया कुठं आहे ते दाखव.” त्याने आग्नेयेला बोट ठेवले. “आता तेहरान?” त्याचे बोट वायव्येकडे गेले आणि तिथेच थांबले. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला कोणी द्वारकेवरून नेऊ लागला, तर तो गाडीत बसण्यापूर्वी एकदा तरी विचारील की नाही? मग मी आबांना दुसरी गोष्ट सांगितली. ‘उरलेले पैसे पोहोचल्यावर’ ही जी त्यांना सवलत वाटत होती, तिच्यातच सापळा होता. पोहोचल्यावर मुलगा कोणाच्या ताब्यात असणार? ज्यांना पैसे द्यायचे त्यांच्याच. तशा वेळी अठरा लाख मागितले काय नि तीस लाख मागितले काय, बापाला नाही म्हणण्याची सोय उरते का? ज्याला आपण हप्ता म्हणतो त्याचे नाव तिथे खंडणी होते.

त्या रात्री मुलाने माझे सगळे प्रश्न एजंटाला फोनवर विचारले. दुसऱ्या दिवसापासून एजंटाने फोन उचलणे सोडले. चाळीस हजार गेले ते गेलेच. मुलगा आज तालुक्याला मोटारदुरुस्तीच्या कामावर जातो आणि मला रस्त्यात भेटला की थोडा घुश्शातच असतो. असू दे.

आता विचार करा. त्या वेळी व्हिसाची अट असती तर काय झाले असते? अर्जात मुक्कामाचा पत्ता लिहावा लागला असता. हेतू लिहावा लागला असता. इराणची वकिलात मुंबईत आहे. तिथे कागद गेला असता, त्याची नोंद राहिली असती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही दिवस वाट पाहावी लागली असती. फसवणुकीला सर्वांत मोठे भय कशाचे असते ते सांगू? पोलिसांचे नव्हे, उशिराचे. ठग नेहमी घाईत असतो. ‘उद्याच निघायचे आहे, आजच पैसे भरा’ हे त्याचे पालुपद. व्हिसा हा त्या घाईला घातलेला बांध आहे. त्या चारआठ दिवसांत कोणी मामा वर्तमानपत्र वाचतो, कोणी आत्या शंका काढते, कोणी मास्तर नकाशा उघडतो. सापळ्याला एवढी उसंत पुरत नाही.

कोणी म्हणेल, एका देशावरून एवढा गहजब कशाला? इराण हे एकच उदाहरण असते तर मीही गप्प बसलो असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला. लाखो लोक हौसेने गेले, समुद्रस्नाने करून आले. त्यांचे मला काही म्हणायचे नाही. परंतु त्याच मोकळ्या वाटेने संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना बँकॉकला नेण्यात आले आणि तिथून सरहद्दीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात कोंडून, जगभरच्या माणसांना दूरध्वनीवरून लुबाडण्याच्या कामाला जुंपण्यात आले. मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या मे सोट येथून परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी साठांहून अधिक जणांची तिथून सुटका केल्याचे जाहीर केले. म्हणजे हे दुखणे पंजाब-गुजरातेपुरते नाही, आपल्याही दारात आले आहे. देश बदलला, टोळी बदलली, आमिष बदलले; पण ‘व्हिसा लागत नाही’ हा शब्द तोच.

माझ्यावर पहिला आक्षेप येईल तो असा: ‘अहो, व्हिसा म्हणजे अपमान! श्रीमंत देशांच्या वकिलातींपुढे आमच्या माणसांनी उन्हातान्हात रांगा लावायच्या, बँकेची पुस्तके दाखवायची, फी भरायची, आणि कारण न देता नकार घ्यायचा. अशा प्रथेचे तुम्ही गोडवे गाता?’ आक्षेप खरा आहे. अशी एक रांग मीही लावली आहे, काचेमागच्या माणसाचा तो थंड चेहरा मीही पाहिला आहे. पण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. श्रीमंत देशाचा व्हिसा त्याच्या घराचे आपल्यापासून रक्षण करतो, निदान तशी त्याची समजूत असते. धोक्याच्या देशाचा व्हिसा आपल्या माणसाचे रक्षण करतो. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढणे म्हणजे सावकारावर चिडून घराचे कुलूप विहिरीत फेकणे होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘व्हिसा असूनही माणसे मेली आहेत, त्याचे काय?’ मेली आहेत. २०१४ मध्ये इराकातल्या मोसूल शहरी काम करणारे चाळीस भारतीय मजूर दहशतवाद्यांच्या हाती सापडले. एक निसटला, उरलेल्या एकोणचाळीस जणांची हत्या झाल्याचे परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज ह्यांनी २० मार्च २०१८ रोजी संसदेत सांगितले. ह्या मजुरांची वकिलातीत नोंदच नव्हती, ते बेकायदा एजंटांमार्फत गेले होते, असे त्यांचे अवशेष परत आणताना सरकारतर्फे सांगण्यात आले. चार वर्षे त्यांच्या बायका कुंकू लावावे की पुसावे ह्या संभ्रमात जगल्या. नुसता शिक्का म्हणजे हमी, असे मी म्हणतच नाही. शिक्का ही तयारीची सुरुवात आहे. पण जो पंथ सुरुवातच नको म्हणतो, तो पुढची तयारी काय करणार?

आणि ही तयारी म्हणजे काय, हे आपण कधी घरात बसून बोललो आहोत काय? मुलगा परदेशी निघाला की आपल्याकडे तयारी म्हणजे फराळाचे डबे! चकल्या मोडू नयेत म्हणून आपण डब्याला दोन पंचे गुंडाळतो, लोणच्याच्या बरणीला मेण लावतो, देवापुढचा अंगारा पाकिटात घालून देतो. ते अवश्य करावे. पण इराणसारख्या देशी जायचे तर शिदोरीत आणखी काही लागते, आणि ते कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

आधी पैशाचे घ्या. निर्बंधांमुळे आपली क्रेडिट कार्डे तिथे चालत नाहीत. बँकेत लाखो रुपये असोत, तेहरानच्या पेठेत त्यांचा चहासुद्धा येत नाही. सगळा खर्च रोकडीत, आणि ती रोकड चोरीस गेली तर घरून सहजी पाठविताही येत नाही. शिवाय कागदावर हिशेब रियालचा आणि तोंडी बोली तोमानची, एक तोमान म्हणजे दहा रियाल, हे ठाऊक नसलेला नवखा पहिल्याच दुकानात गोंधळतो. मग विमा. प्रवासाचा विमा काढला म्हणून निर्धास्त होणाऱ्याने त्यातली बारीक अक्षरे वाचावीत. कित्येक विम्यांतून युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, काहींतून काही देशच वगळलेले असतात. म्हणजे ज्या संकटासाठी विमा हवा, नेमके तेच संकट बाहेर. मग कायदा. स्त्रियांनी सार्वजनिक ठिकाणी मस्तक झाकावे असा तिथला कायदा आहे आणि पाहुणी म्हणून त्यातून सूट नाही. सरकारी वा लष्करी इमारतीचा फोटो काढणे हा तिथे छंद ठरत नाही, हेरगिरीचा संशय ठरतो. ज्यांची भाचरे-पुतणी ब्रिटिश वा युरोपीय पासपोर्टवर राहतात, त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: १ मार्च २०११ नंतर इराणला जाऊन आलेल्या अशा माणसाला अमेरिकेत बिनव्हिशाचा प्रवेश बंद होतो, त्याला रीतसर व्हिसा काढावा लागतो. आठ दिवसांची सहल, आणि पुढे अनेक वर्षांचे कागदी झेंगट!

आणि सर्वांत शेवटी, परत येण्याची वाट. जाण्याचे तिकीट सगळेच काढतात. अडकल्यास निघायचे कसे ह्याचा विचार कोणी करीत नाही. १३ जून २०२५ रोजी इस्राएलने इराणवर हल्ले सुरू केले आणि आकाशमार्ग एकाएकी बंद झाला. आपली हजारो माणसे तिथे होती: वैद्यक शिकणारी मुले, मशहद आणि कुमला गेलेले यात्रेकरू, मजूर. त्यांतल्या विद्यार्थ्यांना रस्त्याने आर्मेनियात नेण्यात आले, आणखी काहींना तुर्कमेनिस्तानातून, तर कित्येकांना मशहदहून खास विमानांनी आणण्यात आले. ‘ऑपरेशन सिंधू’ ह्या नावाच्या ह्या मोहिमेत इराणातून ३,५९७ भारतीय परत आले. पण सरकारने विमान पाठविले तरी त्यात कोणाला बसवायचे हे कळायला माणसाचा ठावठिकाणा माहीत हवा. ज्याने वकिलातीत नाव, पत्ता, दूरध्वनी नोंदविला होता, त्याचा पत्ता हाताशी होता. ज्याने ‘पर्यटक’ म्हणून उतरून कुठल्याशा खोलीत लपून पुढच्या कागदांची वाट पाहिली, त्याला कोणत्या यादीत शोधायचे? त्याच दिवसांत तिथले आंतरजालही जवळजवळ बंद पडले होते. ज्यांचे सगळे क्रमांक फोनमध्ये होते आणि कागदावर एकही नव्हता, त्यांची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा.

आपल्या भाषेत ह्या विषयावरचे एक फार मोठे पुस्तक आहे आणि ते शाळेत वाचूनही आपण त्यातला धडा घेत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे दारिद्र्य आणि कर्ज फिटावे म्हणून, दक्षिणा मिळविण्यासाठी चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या सुमारास त्यांना शिपायांकडूनच पुढच्या वणव्याची वार्ता मिळाली. आजच्या भाषेत सांगायचे तर ही सरकारी सूचनेहून खात्रीची सूचना होती. तरी ते पुढे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि जीव घेऊन परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, पैसा नव्हे. आपल्याला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मिळाला हे आपले भाग्य. पण भटजींच्या पिशवीत शून्यच उरले. घरचे कर्ज आणि दूरची दक्षिणा ह्या जोडीने त्या काळी वरसईच्या भिक्षुकाला जे केले, तेच ती आज तालुक्याच्या गावातल्या बेकार पोराला करीत आहे. गोडसे भटजींना निदान फसविणारा कोणी नव्हता.

आता मायबाप सरकारविषयी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या मजुराला कामासाठी जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागावी अशी व्यवस्था झाली. त्यासाठी अठरा देशांची यादी केली. त्या यादीत इराक होते, येमेन होते, लिबिया होते, इराण नव्हते. आणि जिथे यादी होती तिथेही पर्यटक म्हणून निघालेल्याला ती आडवी येत नसे. म्हणजे प्रामाणिकपणे ‘मी मजुरीला चाललो’ म्हणणाऱ्याची तपासणी, आणि ‘मी मौजेला चाललो’ अशी थाप मारणाऱ्याला मोकळी वाट! परवाना असलेल्या भरती-एजंटाने ३०,००० रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये असा दंडक सरकारनेच घातला. हा आकडा किती बापांना ठाऊक आहे? ठाऊक असता तर अठरा लाख मागणारा मनुष्य ओसरीच चढू शकला नसता. परराष्ट्र खाते सूचना काढते, त्या नेमक्याही असतात. पण त्या निघतात दिल्लीत, बहुधा इंग्रजीत, आणि एजंटाची जाहिरात निघते आपल्या एसटी स्टँडच्या भिंतीवर, शुद्ध मराठीत. मग जिंकणार कोण? पिकावर कीड आल्याची सूचना चावडीवर वाचली जाते. माणसांवर कीड आल्याची का वाचली जाऊ नये? प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, प्रत्येक एसटी स्टँडवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत हे लागले पाहिजे, ही माझी मागणी आहे आणि तिच्यासाठी कोणता नवा कायदा लागत नाही.

ह्या साऱ्यावरून कोणी असा समज करून घेईल की मी समुद्रोल्लंघनाचा शत्रू आहे आणि माणसाने आपले घर सोडूच नये असे माझे मत आहे. मुळीच नाही. ज्या देशाच्या लोकांनी आपल्या मुंबई-पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकाने थाटली आणि तीन पिढ्यांना मस्कापाव खाऊ घातला, तो देश पाहावासा वाटणे स्वाभाविकच आहे. आपल्या पारशी बांधवांची मुळे तिथे आहेत. यज्दच्या अग्निमंदिरात त्यांचे मन गुंतले तर नवल नाही. डोंगरीतल्या भाविकाला मशहदची ओढ आहे. इस्फहानचा तो विशाल चौक, शिराजच्या बागा, पर्सेपोलिसचे भग्न स्तंभ पाहून डोळ्यांचे पारणे फिटेल. जावे, जेव्हा काळ अनुकूल असेल आणि सरकारची सूचना आड येत नसेल तेव्हा अवश्य जावे. पण ज्याला खरोखरच बघायला जायचे आहे त्याला व्हिसाचा चार दिवसांचा खोळंबा कधी जड वाटत नाही. ज्याला तो जड वाटतो, किंवा ज्याच्या वतीने दुसऱ्यालाच तो जड वाटतो, तिथे काही तरी काळेबेरे आहे असे खुशाल समजावे.

म्हणून वाचकहो, ह्या सणात एक गोष्ट कराच. दिवाळीत घरे भरलेली असतात. ‘पोराला बाहेर पाठवायचे आहे, एक ओळखीचा मनुष्य आहे’ हे वाक्य बहुधा अशाच वेळी, फराळाच्या ताटावर उच्चारले जाते, आणि सगळे जण कौतुकाने ‘वा वा’ म्हणतात. तुमच्या घरी ते उच्चारले गेले तर ‘वा वा’ म्हणण्यापूर्वी विचारा: व्हिसा कोणत्या कामाचा? तिथे उतरून घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता काय? वकिलातीत नोंद कोण करणार आणि केव्हा? अडकला तर कोणत्या वाटेने परत येणार? उत्तरे मिळाली तर मुलाला आशीर्वाद द्या आणि चकल्यांचा डबा भरा. उत्तरे मिळाली नाहीत, तर यजमान रागावले तरी चालेल, पाहुणे उठून गेले तरी चालेल, पण पोराचा पासपोर्ट त्याच्या आईच्या कपाटात ठेवा आणि किल्ली तिच्याच कमरेला असू द्या.